विमानतळ, बसथांबा आणि प्रवासवर्णन : आशियाई शहरांमधील अल्पखर्ची प्रवासाचा इतिहास

प्रवासवर्णनाची समीक्षा करताना लेखक कोठे गेला आणि त्याने काय पाहिले, हे दोन प्रश्न प्रामुख्याने विचारले जातात. तो कशाने गेला आणि त्याला किती खर्च आला, हे प्रश्न चरित्रात्मक तपशील म्हणून बाजूला राहतात. वास्तविक प्रवासाची गती, मुक्कामाची जागा, वाटेत भेटणारी माणसे आणि न पाहिलेला प्रदेश या साऱ्यांचा निर्णय पुष्कळदा तिकिटाच्या दराने आधीच केलेला असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आशियातील एका शहरातून दुसऱ्या शहरात कमी पैशात जाण्याच्या पद्धती ज्या क्रमाने बदलत गेल्या, त्या क्रमाने प्रवासकथनाचे रूपही बदलत गेले. या बदलाचा इतिहास येथे मांडावयाचा आहे. स्वस्त विमानप्रवासाने प्रवासातील कष्ट संपविले, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु कष्ट संपले नाहीत. त्यांची जागा बदलली. दोन शहरांमधला मुलूख कथनातून गळाला आणि विमानतळापासून शहरापर्यंतचा पट्टा हाच प्रवासाचा खरा मुलूख झाला. या पट्ट्याचे वाचन कसे करावे, याची परिभाषा तौलनिक समीक्षेने अद्याप पुरेशी घडविलेली नाही.

१. खर्च : प्रवासवर्णनाचा विसरलेला विषय

मराठीपुरते बोलायचे तर या वाङ्मयप्रकाराच्या आरंभीच्या कृतींमध्ये पैसा हा अजिबात लपविलेला विषय नव्हता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. घरात दारिद्र्य आणि डोक्यावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे दक्षिणा मिळेल, अशी वार्ता आली होती. पुढे बंडाच्या धामधुमीत त्यांनी जे पाहिले ते 'माझा प्रवास' या ग्रंथात आले. चिंतामणराव वैद्यांनी हा ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध केला आणि समीक्षेने तो मुख्यतः सत्तावनच्या उठावाचा साक्षीपुरावा म्हणून वाचला. परंतु मिळालेले द्रव्य, लुटले गेलेले द्रव्य आणि रिकाम्या हाताने पुढचा मुक्काम गाठण्याची चिंता हा त्या कथनाचा दुसरा धागा आहे. अल्पखर्ची प्रवास ही पाश्चात्त्य तरुणांनी विसाव्या शतकात शोधून काढलेली गोष्ट मानली जाते, तेव्हा तीर्थयात्रा, भिक्षुकी आणि धर्मशाळा यांवर उभी असलेली ही जुनी परंपरा नजरेआड होते.

विसाव्या शतकातील मराठी प्रवासवर्णनात मात्र हा धागा क्षीण झालेला दिसतो. पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' (१९६०) युरोपची आणि 'पूर्वरंग' (१९६३) आग्नेय आशिया व जपानची. विमानप्रवास ही मध्यमवर्गीय आयुष्यातील अपवादात्मक घटना असण्याच्या काळातील ही पुस्तके आहेत. अशा लेखनात खर्चाचा उल्लेख आला तरी तो कथनाचा कणा होत नाही. प्रवास घडणे हेच अप्रूप असल्याने तो किती पैशात घडला, हा प्रश्न गौण ठरतो.

२. खुष्कीचा मार्ग आणि त्याचा शेवट

युरोप आणि भारत यांना जोडणाऱ्या प्रवासी बसचा एक प्रारंभिक प्रयत्न १९५७ मध्ये झाला. 'इंडियामन' या नावाची बस त्या वर्षी एप्रिलमध्ये लंडनहून निघाली आणि जूनच्या आरंभी कलकत्त्यास पोहोचली. पुढच्या दोन दशकांत इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली आणि काठमांडू ही शहरे तरुण प्रवाशांच्या एका अनौपचारिक मार्गाने बांधली गेली. या मार्गावर स्वस्ताई मिळे ती वेळेच्या मोबदल्यात. विमानाने काही तासांत जे अंतर कापले जाई, त्यासाठी आठवडे द्यावे लागत. परंतु त्या आठवड्यांतच वर्णन करण्याजोगे सारे काही घडत असे.

टोनी आणि मॉरीन व्हीलर हे दांपत्य १९७२ मध्ये लंडनहून याच दिशेने निघून वर्षाखेरीस ऑस्ट्रेलियात पोहोचले. आशिया स्वस्तात कसा ओलांडावा हे सांगणारी त्यांची पहिली पुस्तिका १९७३ मध्ये आणि आग्नेय आशियावरील पुस्तक १९७५ मध्ये निघाले. हे दुसरे पुस्तक सिंगापूरमधील एका साध्या हॉटेलात मुक्काम ठोकून लिहिले गेले. त्याच १९७५ साली पॉल थेरू यांचे 'द ग्रेट रेल्वे बझार' प्रसिद्ध झाले. एकाच खंडावरची, जवळपास एकाच काळातील ही दोन प्रकारची पुस्तके. थेरू साहित्याच्या इतिहासात गेले, व्हीलर पर्यटनाच्या. बसचे भाडे, सरहद्दीवरील वेळा आणि खाटेचा दर यांची नोंद करणारे पुस्तक 'माहिती' ठरले आणि आगगाडीच्या डब्यातील संवाद नोंदविणारे पुस्तक 'साहित्य' ठरले. ही वर्गवारी सोयीची आहे. परंतु पुढच्या पिढीतील प्रवासलेखनावर या दोहोंपैकी कोणाचा प्रभाव अधिक पडला, याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही.

१९७९ च्या फेब्रुवारीत इराणमध्ये क्रांती झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले. खुष्कीचा मार्ग एका वर्षात तुटला. अल्पखर्ची प्रवासाचा गुरुत्वमध्य पश्चिम आशियातून आग्नेय आशियाकडे, म्हणजे बँकॉक, पेनांग, सिंगापूर, हाँगकाँग या पट्ट्याकडे सरकला. हा पट्टा समुद्राने आणि सरहद्दींनी तुटक झालेला असल्याने तेथे बस आणि आगगाडीबरोबर विमानही अपरिहार्य होते. बँकॉक आणि हाँगकाँगमध्ये न विकलेली विमानतिकिटे सवलतीने विकणारी छोटी दुकाने भरभराटीस आली. विमान आणि शहरबस यांची सांगड घालणारा प्रवासी या वळणावर घडला.

३. सावाकी कोतारो यांची खर्चवही

या सांध्यावरचे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक जपानी भाषेत आहे. सावाकी कोतारो हा पत्रकार वयाच्या सव्विसाव्या वर्षी, १९७०च्या दशकाच्या मध्यास, हाती असलेली कामे टाकून निघाला. दिल्लीहून लंडनपर्यंत केवळ सार्वजनिक, उतारूंच्या बसने जावयाचे, हा त्याचा संकल्प होता. 'शिन्या तोक्क्यू', म्हणजे 'मध्यरात्रीची जलदगाडी', या नावाने या प्रवासाचे पहिले दोन खंड १९८६ मध्ये आणि तिसरा १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे स्वस्त आवृत्तीत त्याचे सहा भाग झाले आणि जपानमधील पाठपिशवीवाल्या तरुणांच्या एका संपूर्ण पिढीने ते सोबत वागविले. शीर्षकातील जलदगाडी कोठल्याही रुळांवर धावत नाही. तुर्कस्तानच्या तुरुंगातील परदेशी कैद्यांच्या बोलीत पलायनासाठी हा शब्द वापरला जाई.

या ग्रंथाची रचना लक्षणीय आहे. संकल्प दिल्लीपासूनचा, पण टोकियो-दिल्ली विमानतिकिटावर हाँगकाँग आणि बँकॉक येथे उतरण्याची मुभा होती. त्या मुभेने सारा आराखडा बदलला. पहिला भाग हाँगकाँग व मकाव यांनी व्यापला, दुसरा मलाय द्वीपकल्प व सिंगापूर यांनी. भारत येतो तो तिसऱ्या भागात आणि तोही कलकत्त्याच्या बाजूने. नियोजित प्रवास सुरू होण्यापूर्वीच ग्रंथाचा तिसरा हिस्सा संपलेला असतो. विमानतिकिटावरील एका तांत्रिक सवलतीतून कादंबरीसारखी ही संरचना निर्माण झाली, याकडे समीक्षेने लक्ष द्यावयास हवे. पुढे 'प्रवास करण्याची शक्ती' या आशयाच्या शीर्षकाच्या २००८ मधील पुस्तकात सावाकी यांनी या लेखनाची प्रक्रिया उलगडून सांगितली. वाटेत ठेवलेल्या वहीत दिवसाच्या हालचाली आणि खर्चाचा तपशील असे. प्रवास आणि ग्रंथ यांच्यामध्ये दहा वर्षांहून अधिक काळ गेला. तो काळ ओलांडून स्मरण जागे ठेवण्यास पत्रांइतकीच या हिशेबाचीही मदत झाली. बसभाडे किती पडले हे आठवले की ती बस आठवते, बस आठवली की शेजारचा उतारू आठवतो. येथे खर्चाची नोंद ही स्मृतीची किल्ली आहे.

४. पारपत्र आणि परकीय चलन

असे पुस्तक त्या काळात मराठीत, बंगालीत किंवा कोरियन भाषेत का लिहिले गेले नाही, हा प्रश्न तौलनिक अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर प्रतिभेत शोधण्याआधी कायद्यात शोधावे लागते. जपानने आपल्या सामान्य नागरिकांना पर्यटनासाठी परदेशी जाण्याची मोकळीक १ एप्रिल १९६४ पासून दिली. तीही प्रारंभी वर्षातून एकदा आणि पाचशे डॉलरच्या मर्यादेत. दक्षिण कोरियाने संपूर्ण मोकळीक १९८९ मध्ये दिली. भारतात पारपत्र मिळाले तरी परकीय चलन मिळणे दुरापास्त होते. १९७३ च्या 'फेरा' कायद्याखाली परदेशप्रवासाचा प्रत्येक डॉलर परवानगीचा विषय होता. १९९९ च्या 'फेमा' कायद्याने, जो जून २००० मध्ये अमलात आला, ही चौकट बदलली आणि २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेण्याची सोय केली.

या तारखा शेजारी ठेवल्या की प्रवासवाङ्मयाचा नकाशा स्पष्ट होतो. जपानी भाषेतील प्रवासमार्गदर्शकांची प्रसिद्ध मालिका १९७९ मध्ये सुरू झाली. १९८१ मध्ये नानजिंगहून तिबेटमार्गे नेपाळ व दिल्ली गाठणारे विक्रम सेठ हे अमेरिकन विद्यापीठाचे संशोधक विद्यार्थी होते. 'फ्रॉम हेवन लेक' (१९८३) हे पुस्तक ज्या मोकळिकीतून आले ती भारतात राहणाऱ्या त्यांच्या समवयस्कांना नव्हती. मराठी वाचकाचा आग्नेय आशिया पुढे बहुतांशी सहल कंपन्यांच्या मार्फत उलगडला. 'सिंगापूर-थायलंड-मलेशिया' हे तीन देशांचे एकच नाव मराठी घरांत रूढ झाले. विमानतळाच्या दारात उभी असलेली कंपनीची गाडी, ठरलेले भोजन आणि सोबतचा मराठी मार्गदर्शक या व्यवस्थेने असंख्य ज्येष्ठ स्त्रीपुरुषांना निर्धोक परदेश दाखविला, हे तिचे श्रेय आहे. परंतु शहरबसचा क्रमांक विचारण्याची वेळच त्या प्रवासात येत नसल्याने एक संपूर्ण अनुभवक्षेत्र मराठी प्रवासवर्णनाबाहेर राहिले.

५. स्वस्त विमान, दूरचे टर्मिनल

२००१ मध्ये टोनी फर्नांडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्जात बुडालेली एअर एशिया ही मलेशियन विमानकंपनी एका रिंगिटच्या नाममात्र किमतीस, कर्जासह, विकत घेतली. तिच्याकडे त्या वेळी दोन विमाने होती. भारतात ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन सुरू झाली. एकाच जातीची विमाने, जमिनीवर कमीत कमी वेळ, जेवण व सामान यांचा वेगळा आकार आणि प्रत्येक उड्डाण स्वतंत्र, ही या सेवेची सूत्रे होती. शेवटचे सूत्र प्रवासाच्या स्वरूपाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. जुन्या पद्धतीत विमान बदलणाऱ्या प्रवाशाचे सामान आपोआप पुढे जाई. नव्या पद्धतीत दोन स्वतंत्र तिकिटे काढणाऱ्या प्रवाशाला पुष्कळदा मधल्या शहरात देशप्रवेशाचा शिक्का घ्यावा लागे, सामान उचलावे लागे आणि पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभे राहावे लागे. पहिले विमान उशिरा आल्यास दुसऱ्याचे पैसे बुडत. जोखीम कंपनीकडून प्रवाशाकडे सरकली.

या सेवेसाठी बांधलेल्या वास्तूही तिच्यासारख्याच होत्या. क्वालालंपूरचा मुख्य विमानतळ १९९८ मध्ये शहरापासून पन्नासहून अधिक किलोमीटर अंतरावर सुरू झाला होता आणि २००२ पासून त्याला वेगवान रेल्वे होती. मार्च २००६ मध्ये त्याच विमानतळाच्या हद्दीत स्वस्त सेवांसाठी वेगळे टर्मिनल उघडले. ते मुख्य इमारतीपासून रस्त्याने सुमारे वीस किलोमीटर दूर होते. तेथे रेल्वे नव्हती, बसच होती; विमानापर्यंत उघड्या फरसबंदीवरून चालत जावे लागे. सिंगापूरच्या चांगी विमानतळावरही त्याच महिन्यात 'बजेट टर्मिनल' सुरू झाले. ते एकमजली होते आणि तेथून मेट्रोस्थानक गाठण्यासाठी आधी दुसऱ्या टर्मिनलपर्यंत बस घ्यावी लागे. सिंगापूरचे हे टर्मिनल सप्टेंबर २०१२ मध्ये बंद होऊन पाडले गेले आणि त्या जागी २०१७ मध्ये चौथे टर्मिनल उभे राहिले. क्वालालंपूरचे टर्मिनल मे २०१४ मध्ये रेल्वेने जोडलेल्या नव्या भव्य इमारतीत विलीन झाले.

बँकॉकमध्ये याच्या उलट घडले. तेथे स्वस्त सेवांना जुने घर मिळाले. दोन मुआंग हा १९१४ पासूनचा विमानतळ. २००६ मध्ये सुवर्णभूमी विमानतळ सुरू झाल्यावर तो मागे पडला, २००७ मध्ये अंशतः पुन्हा उघडला आणि २०१२ मध्ये एअर एशियाचे थायलंडमधील केंद्र तेथे हलल्यावर पुन्हा गजबजला. विमानतळासमोरच उत्तर मार्गावरील रेल्वेस्थानक होते. पादचारी पुलावरून रस्ता ओलांडला की तिसऱ्या वर्गाच्या पाच बाहतच्या तिकिटात लाकडी बाकांच्या गाडीने हुआ लाम्फाँग स्थानक गाठता येई. सुवर्णभूमीला २०१० मध्ये आणि दोन मुआंगला २०२१ मध्ये उन्नत शहरी रेल्वे मिळाली; २०२३ च्या जानेवारीत लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या हुआ लाम्फाँगहून नव्या स्थानकात गेल्या. हाँगकाँगमध्ये जुलै १९९८ पर्यंत काय ताक विमानतळ कौलूनच्या वस्तीला लागून होता. तो बंद होऊन विमानतळ दूर बेटावर गेला. चोवीस मिनिटांची वेगवान गाडी आली, पण कमी पैशाच्या प्रवाशाने ए-२१ क्रमांकाची बस पकडून नेथन रोडवर उतरणेच पसंत केले.

सिंगापूर आणि क्वालालंपूर यांच्यामधील हवाई मार्गावर दोन राष्ट्रीय कंपन्यांचा एकाधिकार फेब्रुवारी २००८ पर्यंत टिकला. तोवर स्वस्तात जाणाऱ्याला बस किंवा आगगाडी हाच पर्याय होता. किंवा जोहोर सामुद्रधुनीवरचा, १९२० च्या दशकातील सेतुमार्ग शहरबसने ओलांडून मलेशियाच्या बाजूच्या सेनाई विमानतळावरून पुढे जाता येई. तेथे एअर एशियाने २००३ मध्येच दुसरे केंद्र उघडले होते. एक सरहद्द बसने ओलांडली की पुढचे उड्डाण 'देशांतर्गत' होऊन स्वस्त पडे. राष्ट्रांची सीमा येथे दराचा फरक म्हणून अनुभवाला येते.

पहाटेचे उड्डाण स्वस्त, पण पहाटे मेट्रो नाही. म्हणून रात्रीच्या शेवटच्या बसने येऊन टर्मिनलच्या फरशीवर रात्र काढणे. सात किलोंची मर्यादा, म्हणून पुस्तक मागे ठेवणे. खुष्कीच्या मार्गावर जी किंमत दिवसांनी मोजली जाई, ती आता अशा तासांनी आणि किलोंनी मोजली जाते.

६. 'अ-स्थळ' कोणाचे?

मार्क ओजे यांनी १९९२ मध्ये मांडलेली 'अ-स्थळा'ची संकल्पना विमानतळाच्या साहित्यिक चर्चेत सर्वत्र दिसते. इतिहास, नाते आणि ओळख यांचा स्पर्श नसलेली, सर्वत्र सारखीच भासणारी जागा, असा तिचा स्थूल आशय आहे. वारंवार उडणाऱ्या, थंड प्रतीक्षागृहात बसलेल्या प्रवाशाच्या बाबतीत ती अर्थपूर्ण ठरते. परंतु वर वर्णिलेल्या टर्मिनलांवर ती जशीच्या तशी लावता येत नाही.

एअर एशियाने भारतात पहिली सेवा सुरू केली ती दिल्ली किंवा मुंबईस नव्हे. २००८ च्या डिसेंबरमध्ये क्वालालंपूरहून तिचे विमान तिरुचिरापल्लीस आले. मलेशियातील तमिळ समाजाचे नातेसंबंध, लग्नकार्ये, देवदर्शन आणि मजुरी यांचा तो जुना मार्ग होता. पूर्वी तो जहाजांनी जोडलेला होता. एअर इंडिया एक्स्प्रेसने २००५ मध्ये आरंभ केला तो केरळ आणि आखात यांच्यामधील उड्डाणांनी. थंडीच्या मोसमात बँकॉकहून गयेस उतरणारी विमाने बोधगयेच्या यात्रेकरूंची असतात. या प्रवाशांसाठी विमानतळ हे नात्यांनी भरलेले स्थळ आहे. दोऱ्यांनी बांधलेले खोके, निरोपाला आलेले कुटुंब, मजुरीच्या कराराची कागदपत्रे आणि तीर्थाचे पाणी यांनी ते ओळखीचे झालेले असते.

हाँगकाँगच्या चुंगकिंग मॅन्शन्स या १९६१ मधील सतरा मजली इमारतीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. पाश्चात्त्य प्रवाशांच्या लेखनात ती स्वस्त खोल्यांची गूढ व धोकादायक इमारत म्हणून येते. मानववंशशास्त्रज्ञ गॉर्डन मॅथ्यूज यांनी २०११ मधील अभ्यासात तिच्या अतिथिगृहांच्या नोंदवह्यांत १२९ राष्ट्रीयत्वांची माणसे मोजली आणि तिचे खरे रहिवासी दक्षिण आशियाई व आफ्रिकी छोटे व्यापारी असल्याचे दाखविले. पाठपिशवीवाला तरुण त्या गर्दीत अल्पसंख्य होता. लिहिणारा मात्र बहुधा तोच होता. अल्पखर्ची प्रवासाच्या वाङ्मयेतिहासातील मुख्य विसंगती हीच आहे.

७. समारोप

मार्च २०२० मध्ये साथीमुळे हे जाळे एकाएकी थांबले. सिंगापूर-मलेशिया सेतुमार्ग सर्वसामान्यांसाठी पूर्णपणे खुला होण्यास १ एप्रिल २०२२ उजाडावा लागला. या काळात काही कंपन्या दुर्बल झाल्या आणि काही नावे त्याआधीच इतर कंपन्यांत विलीन झाली होती. एअर डेक्कन २००८ मध्ये किंगफिशरमध्ये मिसळली आणि २०१२ मध्ये किंगफिशरही थांबली. सिंगापूरची टायगरएअर २०१७ मध्ये स्कूटमध्ये गेली. जेटस्टार एशियाने जुलै २०२५ मध्ये सेवा बंद केली. टर्मिनले पाडली गेली, छापील तिकिटे गेली, बसमार्ग बदलले. राजघराण्यांचे दप्तर असते, जहाज कंपन्यांच्या उतारूंच्या याद्या असतात. स्वस्त प्रवासाचा पुरावा मात्र प्रवासाबरोबरच नष्ट होत जातो.

अशा स्थितीत प्रवासवर्णन हे या इतिहासाचे एक प्रमुख साधन ठरते आणि त्यातील आजवर दुर्लक्षिलेले घटक, म्हणजे दर, बसक्रमांक, प्रतीक्षेचे तास, सामानाचे वजन, हे पाठ्याचे अंगभूत घटक म्हणून वाचावे लागतात. गोडसे भटजींची दक्षिणा आणि सावाकींची खर्चवही यांना एका चौकटीत आणणारा तौलनिक अभ्यास त्यामुळेच शक्य होतो. दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. तिरुचिरापल्लीच्या रांगेतील मजूर, गयेस उतरणारी वृद्ध यात्रेकरू स्त्री, नेथन रोडवरचा छोटा व्यापारी यांनी प्रवासवर्णने लिहिलेली नाहीत. परंतु त्यांची पत्रे, हिशेब आणि मौखिक कथने तमिळ, मल्याळम, थाई, उर्दू अशा अनेक भाषांत विखुरलेली आहेत. प्रवासवर्णनाची व्याख्या छापील ग्रंथापुरती ठेवली तर आशियाच्या आकाशातून सर्वाधिक संख्येने गेलेली माणसे वाङ्मयेतिहासाच्या बाहेरच राहतील. ती व्याख्या रुंद करणे हे एका भाषेच्या अभ्यासकाचे काम नव्हे. ते तौलनिक अभ्यासाचेच काम आहे आणि ते साधनसामग्री हाती असेपर्यंतच करावयाचे आहे.